आधी परतीची वाट आखा
नव्या स्टेडियमपर्यंत गर्दी आणताना काय करावे, काय टाळावे

पुण्याचे जुने नेहरू स्टेडियम स्वारगेटला. एसटीतून उतरायचे, रस्ता ओलांडायचा आणि आत शिरायचे, इतके सोपे. 2012 मध्ये शहराला गहुंज्याचे नवे स्टेडियम मिळाले. मोकळे, हवेशीर, कुठेही बसले तरी खेळ नीट दिसावा असे. पण ते पुणे स्टेशनपासून पंचवीस किलोमीटरच्या आसपास, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागून. तिकीट हातात पडल्यावर पुणेकर पहिला प्रश्न विचारतो तो खेळपट्टीचा नसतो. "जायचं कसं, आणि रात्री परत यायचं कसं?"

या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे. जाताना माणूस उत्साहात असतो, दोन तास आधी निघतो, थोडा त्रास सोसतो. परतताना तो दमलेला असतो, कडेवर झोपलेले मूल असते आणि सगळ्यांना एकाच वेळी निघायचे असते. पुढच्या सामन्याला यायचे की घरी टीव्ही लावायचा, हे तो त्या दीड-दोन तासांत ठरवतो. म्हणून नवे स्टेडियम उभारणाऱ्या महापालिका, क्रीडा संघटना, बस आगार आणि पोलीस यांच्यासाठी ही यादी.

जागा आणि हिशेब

करावे: आसनांच्या आधी गाड्यांचा हिशेब मांडावा. 37,000 प्रेक्षक आले आणि प्रत्येक मोटारीत तिघे धरले, तर बारा हजारांहून जास्त मोटारी होतात. येण्याजाण्याच्या वाटेसह एका मोटारीला पंचवीस चौरस मीटर धरले, तरी नुसत्या पार्किंगला पाऊणशे एकर लागतात. रस्त्याच्या एका मार्गिकेवरून तासाला फार तर दोन हजार वाहने जातात. म्हणजे बाहेर पडायला एकच मार्गिका असेल तर शेवटची मोटार निघायला सहा तास. ही बेरीज-भागाकार पाचवीतला मुलगा करील. ती भूमिपूजनाच्या आधी व्हायला हवी.

टाळावे: "पार्किंग वाढवू" हे उत्तर. पार्किंग वाढले की मोटारी वाढतात, रस्ता तेवढाच राहतो.

करावे: रूळ जिथे आहेत तिथे मैदान न्यावे. वानखेडेला चर्चगेट आणि मरीन लाइन्स ही दोन स्थानके चालत गाठता येतात. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला नेरूळ आणि जुईनगर जवळ आहेत. बारा डब्यांची एक लोकल तीन-चार हजार माणसे एका दमात उचलते. तेवढ्यांसाठी साठ-सत्तर बस लागतात.

टाळावे: कागदावरच्या मेट्रोवर विसंबून राहणे. नागपूरचे जामठा स्टेडियम 2008 चे, नागपूर मेट्रो सुरू झाली 2019 मध्ये. आणि ती खापरीपर्यंत येते, जामठा त्याच्याही पुढे आहे. मधली वर्षे प्रेक्षकांनी वर्धा रोडवर काढली. मेट्रो येणार असेल तर आनंदच आहे, पण ती येईपर्यंतची व्यवस्था पहिल्या सामन्यापासून हवी.

तिकीट

करावे: सामन्याच्या तिकिटातच प्रवास द्यावा. 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीने हेच केले. सामन्याचे तिकीट दाखवले की शहराची बस, ट्राम, लोकल मोफत. 2023 च्या आयपीएलमध्ये चेन्नईतही सामन्याच्या तिकिटावर मेट्रोने जाता येत होते. यात पैशांपेक्षा मोठी गोष्ट अशी की प्रवासाचा विचार तिकीट घेतानाच होतो आणि कोणत्या भागातून किती माणसे येणार हे आयोजकाला आठवडाभर आधी कळते. बस किती लावायच्या हा अंदाज मग हवेत राहत नाही.

करावे: तिकिटावर गेट क्रमांक, जवळचा बसथांबा आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मोठ्या मराठी अक्षरांत छापावी. मोबाइलवरच्या तिकिटातही.

करावे: हेल्मेटचे काय, हे आधीच सांगावे. हेल्मेट, पिशवी, पाण्याची बाटली आत नेता येत नाही हे प्रेक्षकाला गेटवर कळते तेव्हा उशीर झालेला असतो. कायद्याने हेल्मेट घालून आलेल्या माणसाला ते कुंपणाला टांगून जायला लावणे योग्य नाही. टोकन देऊन सामान ठेवायची खिडकी पार्किंगजवळच असावी. गेटजवळ ठेवली तर तिथेच रांग तुंबते.

बस, लोकल, दुचाकी

करावे: जादा बस शहराच्या वेगवेगळ्या टोकांवरून सोडाव्यात. कात्रजच्या माणसाला आधी पुणे स्टेशन गाठायला लावू नये. पीएमपीच्या बस थेट कात्रज, मनपा, निगडी, हडपसर अशा ठिकाणांहून निघाव्यात. पिंपरीपर्यंत मेट्रो आली आहे, तर पिंपरी मेट्रो स्थानकाखालून स्टेडियमपर्यंत फेऱ्यांची साखळीच लावावी. एक बस गेली की दुसरी उभी.

टाळावे: रोजच्या मार्गांवरच्या बस काढून सामन्याला लावणे. भोसरीच्या थांब्यावर कामावरून सुटलेली बाई तासभर उभी राहिली, तर ते स्टेडियम तिचे होत नाही. जादा गाड्या खरोखरच जादा असाव्यात. एसटीकडून, शाळांच्या आणि कंपन्यांच्या बसमधून त्या मिळतात. संध्याकाळनंतर त्यातल्या बऱ्याच उभ्याच असतात.

टाळावे: "भरल्याशिवाय सुटणार नाही." वेळ ठरवली की अर्ध्या भरलेल्या गाडीनेही सुटावे. लोक वेळेवर भरवसा ठेवायला लागले की पुढच्या सामन्याला तीच गाडी भरून जाते.

करावे: रेल्वेशी दोन महिने आधी बोलावे. पुणे-लोणावळा लोकलचे बेगडेवाडी स्थानक गहुंज्याच्या जवळ आहे, देहूरोडही फार लांब नाही. पण या मार्गावर मोजक्याच लोकल धावतात. सामन्याच्या दिवशी दोन जादा फेऱ्या मिळाल्या तरी द्रुतगती मार्गावरचा मोठा भार हलका होतो. रेल्वे असे करते. 2018 मध्ये चेन्नई सुपर किंग्जचे सामने पुण्यात हलवले गेले तेव्हा चेन्नईहून त्यांच्या पाठीराख्यांची एक आख्खी गाडी पुण्याला आली होती. हजार किलोमीटरवरून गाडी येऊ शकते, तर शिवाजीनगरहून बेगडेवाडीला का नाही?

टाळावे: रविवारचा मेगाब्लॉक विसरणे. मुंबईत मोठे सामने बहुधा रविवारी असतात आणि देखभालीचे ब्लॉकही रविवारीच. तारीख ठरते त्याच दिवशी रेल्वेला कळवावे.

करावे: दुचाकीस्वारांना वेगळी वाट आखून द्यावी. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, आणि पुण्याची तरुण गर्दी दुचाकीवरच येते. नकाशावर मोठा रस्ता दिसतो म्हणून नवखी पोरे तिकडे वळतात आणि अडकतात. जुन्या महामार्गावरून, देहूरोडकडून कसे यायचे याचे फलक दोन किलोमीटर आधीपासून हवेत. बाणांचे, मोठ्या आकड्यांचे, रात्रीही दिसणारे.

टाळावे: शेतात मुरूम टाकून पार्किंग करणे आणि पावसाचा विचार न करणे. महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिला हंगाम 2023 मध्ये गहुंज्यालाच झाला, तोही जूनमध्ये. जूनच्या एका सरीनंतर मावळातल्या मातीत रुतलेली मोटार ढकलायला चार माणसे लागतात आणि तिच्यामागे चाळीस थांबतात.

शेवटचा किलोमीटर

इथे आपल्याला परदेशाकडे बघायची गरज नाही. गहुंज्यापासून देहू जवळच आहे. दर ज्येष्ठात तुकोबांची पालखी तिथून निघते आणि लाखो माणसे अरुंद रस्त्यांवरून शिस्तीत पंढरपूरपर्यंत चालतात. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, रथापुढची आणि रथामागची असा क्रम ठरलेला असतो. चुकलेला वारकरी दिंडीचा क्रमांक सांगतो आणि आपल्या माणसांत पोहोचतो. कोणता रस्ता कधी बंद हे वर्तमानपत्रात आधी छापून येते, टँकर आणि फिरती शौचालये पुढच्या मुक्कामी पोहोचलेली असतात. ही विद्या याच जिल्ह्यात शतकानुशतके आहे. तीच स्टेडियमला लावावी.

करावे: बसथांबा, गेट आणि पार्किंग यांना एकच क्रमांक आणि एकच रंग द्यावा. तिकीट पिवळे, तर बस पिवळी, गेट पिवळे. वाचता न येणाऱ्या आजोबांनाही कळेल.

करावे: चालण्याची वाट गाड्यांपासून कठड्याने वेगळी करावी. तिच्यावर दिवे असावेत, दर थोड्या अंतरावर पाणी असावे, बसायला बाक असावेत. एक किलोमीटर चालायला लोक कुरकुर करत नाहीत. अंधारात, ट्रकच्या बाजूने चालायला करतात, आणि ते बरोबरच आहे.

टाळावे: येणारे आणि जाणारे एकाच पुलावर. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर पावसात गर्दी अडकली आणि 23 माणसे गेली. स्टेडियमबाहेरचा पूल, भुयारी मार्ग, जिना यांची रुंदी अशाच दिवसासाठी मोजावी.

टाळावे: प्रवेशाबद्दल संदिग्ध निरोप. 4 जून 2025 ला बंगळूरुच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर 11 जणांचा जीव गेला. प्रवेश मोफत की पासवर, याचा गोंधळ होता आणि आसनांच्या कितीतरी पट माणसे दारांशी आली. कोणाला आत सोडणार आणि कोणाला नाही, हे एकाच अधिकृत ठिकाणाहून, एकाच शब्दांत आदल्या दिवशी सांगावे. मग ते बदलू नये.

करावे: व्हीलचेअरवाल्यांसाठी आणि ज्येष्ठांसाठी गेटपर्यंत जाणारी छोटी गाडी ठेवावी.

करावे: गावाला विश्वासात घ्यावे. सामन्याच्या दिवशी गावचा रस्ता बंद होतो, दूध घालायला जाणारा अडतो, बाळंतपणाची गाडी अडते. गावकऱ्यांना पास, रुग्णवाहिकेसाठी कायम मोकळी मार्गिका आणि पार्किंगच्या, खाण्यापिण्याच्या कामात त्यांचा वाटा. गावची पोरे वाहतूक स्वयंसेवक म्हणून उत्तम काम करतात, कारण प्रत्येक पाणंद त्यांना ठाऊक असते.

परत

करावे: शेवटचा चेंडू पडायच्या आधी सगळ्या परतीच्या बस, शहराकडे तोंड करून, ओळीने उभ्या असाव्यात. चालक जागेवर, दिवे लागलेले, पाटीवर ठिकाण. सामना संपल्यावर बोलावलेली बस बाहेर पडणाऱ्या गर्दीतच अडकते. बस निघेपर्यंत पार्किंगमधल्या मोटारी पंधरा-वीस मिनिटे थांबवाव्यात. मोटारवाले चिडतील. पण बसने येणारा आधी घरी पोहोचतो हे एकदा दिसले की पुढच्या वेळी त्यातले काही बसमध्ये असतील.

करावे: सामना लांबेल हे धरून चालावे. 2 नोव्हेंबर 2025 ला डी. वाय. पाटीलवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपला. भारताने विश्वचषक जिंकला त्या क्षणी घड्याळाकडे बघत उठायची वेळ कोणावरही येऊ नये. शेवटची लोकल, शेवटची मेट्रो सामन्याच्या वेळापत्रकाला बांधलेली हवी. "सामना संपल्यानंतर नव्वद मिनिटांपर्यंत गाडी मिळेल", असे वचन तिकिटावर छापावे आणि पाळावे.

करावे: आतल्या पडद्यावर शेवटच्या षटकांपासून बसच्या वेळा दाखवाव्यात, मराठीत, गेटच्या रंगासह. बक्षीस समारंभानंतर अर्धा तास खाण्याची दुकाने आणि शौचालये उघडी ठेवावीत. ज्यांना घाई नाही ते थांबतात, आणि एका झुंडीऐवजी गर्दी दोन-तीन हप्त्यांत बाहेर पडते.

टाळावे: शेवटचा प्रेक्षक बाहेर पडताच बाहेरचे दिवे मालवणे. मुलीला घेऊन एका मैदानातून मी असाच अंधारात बाहेर पडलो होतो. रिक्षावाले मीटरचे नावच काढत नव्हते, बस कुठून सुटते हे सांगायला कोणी नव्हते. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. त्यानंतर दोन वर्षे ती सामन्याला चल म्हणाली नाही.

टाळावे: महिला प्रवाशांचा विचार फक्त एका हेल्पलाइन क्रमांकावर सोडणे. बसथांब्यावर उजेड, गणवेशातल्या महिला पोलीस आणि उतरण्याच्या ठिकाणी रिक्षांची ठरलेल्या दराची रांग, या तीन गोष्टी असल्या की घरून "रात्रीचं नको" हे वाक्य निघत नाही.

मोठा सामना नसतो तेव्हा

करावे: रणजी, महिला संघांचे सामने, आंतरशालेय स्पर्धा यांनाही ठरलेल्या वेळेची बस ठेवावी, मग तीत दहाच माणसे बसोत. वर्षातले बहुतेक दिवस हेच असतात, आणि बसने स्टेडियमला जायची सवय याच दिवसांत लागते. शाळांना मुलांसाठी पास द्यावेत, सोबत बसही द्यावी. नुसता पास मुलांना मैदानापर्यंत आणत नाही.

करावे: पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्याआधी पूर्ण क्षमतेची एक रंगीत तालीम घ्यावी. एखादा स्थानिक सामना, प्रवेश मोफत पण नावनोंदणीने, सुरुवात संध्याकाळी, शेवट रात्री. आयोजक, आगारप्रमुख, वाहतूक शाखेचे अधिकारी यांनी त्या दिवशी आपापल्या गाड्या घरी ठेवाव्यात, मुलाबाळांना सोबत घेऊन बसने यावे आणि शेवटच्या बसने परत जावे. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत प्रत्येकाने एवढेच सांगावे: गेटमधून किती वाजता बाहेर पडलो, बसमध्ये किती वाजता बसलो आणि घराचे दार किती वाजता उघडले.