सूक्ष्म परिमाणांची तुलना

दिल्लीत यमुनेच्या पूर्व तीरावर मयूर विहार ही वसाहत आहे. हिवाळ्यात तेथील सकाळ पुष्कळदा धुरकट असते. हा धुरकटपणा ज्या सूक्ष्म कणांमुळे येतो, त्यांतील एकेकटा कण डोळ्यांना दिसत नाही. तथापि कोणता कण नाकात अडकेल आणि कोणता फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोचेल, हे मुख्यतः त्याच्या आकारमानावर अवलंबून असते. म्हणून अशा परिमाणांची बिनचूक तुलना करता येणे अगत्याचे आहे.

हवेच्या तपासणीत १० मायक्रोमीटरपर्यंत व्यासाचे कण आणि त्यांपैकीच २.५ मायक्रोमीटरपर्यंत व्यासाचे कण वेगवेगळे मोजतात. मायक्रोमीटर म्हणजे मीटरचा दशलक्षांश भाग. २.५ मायक्रोमीटर ही लांबी मीटरमध्ये ०.०००००२५ अशी लिहावी लागते. त्यातील एक शून्य गळाले, तरी उत्तर दसपटीने चुकते. दशांशचिन्ह सहा घरे उजवीकडे सरकविले, की २.५ ही संख्या मिळते. म्हणून तीच लांबी २.५ × १०^−६ मीटर अशी लिहितात. येथे ^ या चिन्हापुढील संख्या म्हणजे घातांक होय. पहिला गुणक १ किंवा त्याहून अधिक, परंतु १० हून कमी ठेवावयाचा असतो.

तुलना करताना प्रथम घातांक पाहावा. ऋण घातांकांपैकी शून्याला जो अधिक जवळ, त्याची राशी मोठी. घातांक समान असतील, तरच गुणकांकडे वळावे.

भारतात २००९ साली ठरविलेल्या मानकांनुसार, एक घनमीटर हवेत १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे चोवीस तासांचे सरासरी वस्तुमान १ × १०^−४ ग्रॅमहून अधिक नसावे, २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांसाठी ही मर्यादा ६ × १०^−५ ग्रॅम आहे. येथे ६ हा गुणक १ पेक्षा मोठा असला, तरी दुसरी राशी लहान आहे. कारण −५ हा घातांक −४ हून लहान आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली याच सूक्ष्म कणांसाठी सुचविलेली चोवीस तासांची मर्यादा १.५ × १०^−५ ग्रॅम आहे. घातांक समान असल्याने केवळ गुणकांचा भागाकार पुरे: ६ ÷ १.५ = ४. अर्थात भारतीय मर्यादा तिच्या चौपट आहे.

घातांक भिन्न असल्यास गुणकांचा भागाकार करावा व घातांकांची वजाबाकी करावी. केसाची जाडी सुमारे ७ × १०^−५ मीटर धरल्यास तिला २.५ × १०^−६ ने भागून २.८ × १०^१, म्हणजे २८ येतात. एका केसाच्या जाडीत असे २८ कण ओळीने मावतील.

व्यासातील फरक घनफळात कितीतरी वाढतो. १० मायक्रोमीटर व्यासाचा गोल कण २.५ मायक्रोमीटरच्या कणाच्या व्यासाने चौपट, परंतु घनफळाने ४ × ४ × ४ = ६४ पट असतो. घनता समान मानल्यास एका मोठ्या कणाच्या वस्तुमानात ६४ लहान कण सामावतात. म्हणून केवळ वजनाचा आकडा पाहून भागत नाही. कणांचा आकारही पाहावा लागतो.

अभ्यास : एका विषाणूचा व्यास १ × १०^−७ मीटर आहे. २.५ × १०^−६ मीटर व्यासाचा कण त्याच्या किती पट रुंद आहे? (उत्तर : २५ पट.)