रद्दीचे पांघरूण

थंडीत आपण गोधडी पांघरतो. गोधडीत ऊब येते कुठून? गोधडी म्हणजे काही चूल नव्हे. तिच्या थरांत हवा अडकून बसते. अडकलेल्या हवेतून उष्णता फार हळू जाते, म्हणून आपल्या अंगची ऊब आतच राहते. बर्फवाला लादी भुशात ठेवतो तेही याचसाठी. तिथे बाहेरची उष्णता आत लवकर शिरत नाही.

कागदाचेही तसेच. आम्ही वर्गात दोन सारख्या तांब्यांत सारखेच गरम पाणी भरून झाकण ठेवले. एक तांबा तसाच ठेवला. दुसरा खोक्यात ठेवून भोवती रद्दीचे चुरगळलेले कागद भरले. मधल्या सुट्टीनंतर बघतो तर पहिल्यातले पाणी कोमट, दुसऱ्यातले चांगले गरम!

अमेरिकेत रॉकपोर्ट गावी एलिस स्टेनमन या इंजिनिअरने १९२२ साली घर बांधायला घेतले. सांगाडा लाकडी, पण भिंतींना वर्तमानपत्रांचे थर चिकटवून वरून व्हार्निश दिले. सुमारे एक लाख वर्तमानपत्रे लागली. ते घर अजून उभे आहे. थंड देशांत आता रद्दीचा कापसासारखा भुगा करून भिंतींच्या पोकळीत आणि छतावर भरतात. त्यामुळे घर तापवायला जळण कमी लागते. पण भुगा नुसता नसतो. कागद पटकन पेटू नये, कीड लागू नये म्हणून त्यात टाकणखारासारखी द्रव्ये मिसळतात. अमेरिकेत १९७८ साली यासाठी कायदाही झाला.

आमचे घर पत्र्याचे आहे. वैशाखात दुपारी धाकटा भाऊ घामाघूम होऊन रडायचा. हे सगळे ऐकून आई म्हणाली, "मग आपल्या पत्र्याखाली रद्दी लावू या का गं?" मी म्हटले, "नको आई. खाली आपली चूल पेटते. एक ठिणगी उडाली तर? शिवाय वाळवी लागेल. आणि पत्रा गळून कागद भिजला की त्यातली हवा गेली, मग उपयोग काय?"

गुरुजींनी दुसरा उपाय सांगितला. पांढरा रंग ऊन परतवतो. बाबांनी पत्र्यावर वरून चुना दिला. आता दुपारी पत्रा पूर्वीइतका तापत नाही, बाळही निजते.

आईवडिलांनो, रद्दी गुणाची आहे, पण साधा कागद चुलीच्या छपराला लावू नका. आधी आगीचा विचार, मग उबेचा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी