ट्रॅक्टर घरचा, भाडे बाहेरचे : गाडी कोणत्या वर्गात बसते?



गळीत हंगामाच्या तोंडावर तोडणी-वाहतुकीचे करार सुरू झाले की शेतकी ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, ट्रॅक्टर शेतीचा म्हणून पास झालाय, मग हे परमिट न् कर कशापायी?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर ठाऊक नसेल तर एका अपघातात घर बसते. म्हणून या खेपेला बेणे-खताचा विषय बाजूला ठेवून गाडीच्या कागदांचा विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट. आपण 'खाजगी' आणि 'व्यापारी' गाडी म्हणतो, पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वर्ग आहेत ते 'परिवहन' आणि 'बिगर-परिवहन' असे. माल किंवा भाड्याचे प्रवासी वाहणारी गाडी परिवहन. तिची पाटी पिवळी, अक्षरे काळी. घरच्या वापराची गाडी बिगर-परिवहन. तिची पाटी पांढरी. बैलगाडी या कायद्यात येतच नाही, कारण तिला इंजिन नाही. ट्रॉली मात्र येते. तिला स्वतःचे इंजिन नसले तरी कायदा ट्रेलरलाही मोटार वाहनच मानतो. म्हणून ट्रॉलीचे पासिंग वेगळे करावे लागते.

दुसरी गोष्ट, आणि हीच खरी मेख आहे. वर्ग नुसता गाडीच्या बांधणीवर ठरत नाही, वापरावरही ठरतो. मालासाठी न बांधलेली गाडीसुद्धा माल वाहायला वापरली तर कायदा तिला मालवाहन म्हणतो. १९८९ च्या केंद्रीय नियमांत शेतीचा ट्रॅक्टर म्हणजे औजारे लावून शेतकाम करणारा किंवा ट्रॉलीतून शेतीचा माल नेणारा, अशी व्याख्या आहे. तेव्हा घरच्या रानातला ऊस, शेणखत, बेणे नेणे हे शेतीतच बसते. पण कराराने गावभरचा ऊस भाड्याने ओढू लागलात की तो धंदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली कर्नाटकातल्या एका प्रकरणात सांगितले की, माल वाहणारी ट्रॅक्टर-ट्रेलरची जोडी हे मालवाहन आहे आणि तिला परमिट लागते.

तिसरी गोष्ट कराची. वाहनावरचा कर हा राज्याचा विषय. आपल्याकडे तो १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याने बसतो. शेतीला सवलत मिळते ती शेतीच्या वापरापुरती. वापर बदलला की सवलतीचा आधार सुटतो. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून आकडा एजंटाच्या तोंडून घेऊ नका, आरटीओ कार्यालयात पाहा आणि पावती घ्या. आणखी एक ध्यानात ठेवा. गाडी 'वापरली किंवा वापरासाठी ठेवली' तरी कर लागतो. हंगाम संपल्यावर ट्रक सहा महिने दारात उभा असतो. तो वापरात नाही असा दाखला रीतसर घेतला नसेल, तर उभ्या गाडीचाही कर चढत राहतो.

आता कर वाचवण्याची खरी किंमत पाहू. गेल्या हंगामात एका सभासदाचे कागद माझ्या टेबलावर आले. ट्रॅक्टर शेतीचा, विमा शेतीचा, ट्रॉलीत ऊस मात्र शेजाऱ्याचा आणि भाड्याचा. रात्री मोटारसायकलवाला मागून धडकला. विमा कंपनीने पॉलिसीतला 'वापराची मर्यादा' हा रकाना दाखवला आणि हात वर केले. आता तो सभासद तारखांना जातोय. वर्षाला वाचवलेला कर आणि समोर उभी राहिलेली भरपाई यांचा मेळच बसत नाही.

असे निकाल वरपर्यंत गेले आहेत. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण होते. शेतीचा विमा असलेला ट्रॅक्टर वीटभट्टीच्या मातीला लावलेला, आणि ट्रॉलीवरचा मजूर जखमी झालेला. न्यायालयाने विमा कंपनीची जबाबदारी मान्य केली नाही. मजुराला न्याय मिळावा म्हणून कंपनीने आधी पैसे भरावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. म्हणजे शेवटी बोजा मालकावरच. टोळीला उसावर बसवून आणणाऱ्यांनी हे नीट वाचावे.

तेव्हा करारावर सही करण्याआधी एवढे तपासा :

१) आरसी बुकात ट्रॅक्टर आणि प्रत्येक ट्रॉलीचा वर्ग काय लिहिला आहे?
२) भाड्याने ओढणार असाल तर वर्ग बदलून घेतला का? परमिट आणि फिटनेस आहे का?
३) विम्यात भाड्याची वाहतूक धरली आहे का? ट्रॉलीचे नाव पॉलिसीत आहे का?
४) छोटा टेम्पो असेल तर एकूण वजन ३,००० किलोपर्यंत परमिटची सूट आहे, पण ती सूट परमिटपुरती. पिवळी पाटी आणि फिटनेस लागतोच.

कुणी म्हणेल, सगळेच असे चालवतात. खरे आहे. पण कोर्टात सगळे उभे राहत नाहीत, एकटा मालक उभा राहतो. आपापली आरसी आणि पॉलिसी घेऊन गटाच्या शेतकी ऑफिसात या, आपण बसून वाचू. काट्यावर गाडी येण्याआधी कागद सरळ असले, तर हंगामभर झोप शांत लागेल.

— ऊस विकास अधिकारी