पगार धरावा की कार्ड जपावं? परभणीच्या कुटुंबासाठी वर्षाचा हिशेब

परभणी शहरात किंवा मानवत-सेलूकडच्या जिनिंगवर कुणाला आठ-दहा हजारांची नोकरी लागली, की घरात आनंदाच्या आधी काळजी येते. 'मग आपलं कंट्रोल बंद होईल का? आईचा निराधारचा पगार जाईल का?' प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर आधीच सांगते. बहुतेक घरांत नोकरीच परवडते, पण पगाराचा आकडा ऐकून वाटतं त्यापेक्षा खूप कमी फरकाने. काही घरांत तर वर्षभर राबून हातात जेमतेम काही शे रुपये महिना जास्त पडतात. आपलं घर कोणत्या गटात बसतं, हे होकार देण्याआधी कागदावर मांडून बघा.

सुरुवात रेशनच्या धान्यापासून करू. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्याची रुपयांत किंमत किती धरायची? याचा आधार आपल्याच जिल्ह्यात आहे. परभणीसह १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात रोख रक्कम दिली जाऊ लागली. आधी माणशी महिना १५० रुपये, नंतर १७०. तोच भाव धरला, तर पाच माणसांच्या घराचं धान्य महिन्याला ८५० आणि वर्षाला १०,२०० रुपयांचं होतं. अंत्योदयचं ३५ किलो त्याच भावाने वर्षाला १४,२८० रुपयांचं. घरात दोनच माणसं असतील तरी ३५ किलोच मिळतं, म्हणून लहान अंत्योदय घराचं कार्ड गेलं तर नुकसान जास्त.

प्राधान्य यादीची उत्पन्न मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० रुपये आहे, शहरात ५९,०००. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेची मर्यादा तर कुटुंबाच्या वर्षाच्या २१,००० रुपयांवर अडकली आहे. लाडकी बहीणची मात्र अडीच लाख. आठ-दहा हजारांच्या एका नोकरीने घर अडीच लाखांपर्यंत पोचत नाही, त्यामुळे या नोकरीपायी लाडकी बहीणचे १,५०० रुपये जातील ही भीती सोडा. धोका आहे तो पहिल्या दोन मर्यादांपाशी.

२१,००० ची मर्यादा किती तोकडी आहे, ते बघा. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता. त्या दराने ६८ दिवस काम केलं की २१,२१६ रुपये होतात. म्हणजे सरकारनेच दिलेल्या कामावर, सरकारनेच ठरवलेल्या मजुरीने, सव्वादोन महिने राबणारी विधवा सरकारच्याच निराधार मर्यादेबाहेर जाते. ज्या राज्याने १९७७ साली देशात सगळ्यात आधी रोजगार हमीचा कायदा केला, त्या राज्यात हे घडावं याचं मला फार वाईट वाटतं. ही मर्यादा वाढायलाच हवी. ती वाढेपर्यंत मात्र हिशेब आपल्यालाच करावा लागणार.

समजा, पाथरी तालुक्यातल्या एका विधवा बाईला निराधारचे दरमहा १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये मिळतात. तिला गावच्या शाळेत पोषण आहार शिजवण्याचं काम मिळतंय. मानधन दरमहा २,५००, तेही वर्षातले दहा महिने, म्हणजे २५,०००. उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं आणि निराधारचे १८,००० थांबले, तर हातात जास्त आले ७,०००. महिन्याला सहाशेही नाहीत. त्यासाठी रोज सकाळ चुलीपुढे, आणि दिवस मधूनच मोडल्यामुळे खुरपणीची, कापूस वेचणीची मजुरीही हुकणार. फक्त पैशाचा विचार केला, तर हा सौदा तोट्याचा ठरू शकतो.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणींना कुणी सांगत नाही. निराधारसाठी २१,००० ची अट ही एकमेव वाट नाही. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत कुटुंबाचं नाव असेल, तर त्या आधारावरही लाभ मिळतो. म्हणून आधी ग्रामपंचायतीत जाऊन यादीत नाव आणि बीपीएल क्रमांक आहे का ते तपासा, आणि आपला लाभ कोणत्या आधारावर मंजूर झाला होता ते तहसीलच्या संजय गांधी शाखेत विचारा. यादीच्या आधारावर असेल, तर हिशेब पूर्ण बदलतो.

दुसरी गोष्ट परत येण्याची. निराधार बंद झालं आणि पुढे काम सुटलं, तर नवा अर्ज, नवा उत्पन्नाचा दाखला आणि तालुका समितीची मंजुरी, एवढं सगळं पुन्हा करावं लागतं. मधल्या महिन्यांचा खर्च कुठून भागवायचा? 'निराधार गेलं तर लाडकी बहीण घेऊ' असंही धरून चालू नका. त्या योजनेच्या अर्जांची मुदत १५ ऑक्टोबर २०२४ ला संपली. त्यामुळे हंगामी किंवा तोंडी ठरलेल्या कामासाठी चालू लाभ गमावणं धोक्याचं आहे.

आता मोठा पगार घेऊ. गडी परभणीपासून वीसेक किलोमीटरवरच्या गावात राहतो. पगार १०,०००. भविष्य निर्वाह निधीचे (फंडाचे) १,२००, कर्मचारी विम्याचे ७५ आणि व्यवसाय कराचे १७५ कापून हातात ८,५५०. (बाईला व्यवसाय कर २५,००० पगारापर्यंत लागत नाही, आणि एसटीचं भाडंही अर्धं.) एका बाजूचं भाडं ३५ रुपये धरलं, तर मासिक पासला वीस दिवसांचंच जाण्यायेण्याचं भाडं पडतं, म्हणजे १,४००. वरखर्चाला ६००. उरले ६,५५०, वर्षाचे ७८,६००.

यातून काय वजा होतं? तो गावात राहिला असता तर ३५० रुपये रोजाने वर्षात १२० दिवस काम धरू, म्हणजे ४२,०००. घरातली बाकीची मिळकत दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती बाजूला ठेवू. धान्य पूर्ण गेलं असं धरून १०,२००. शिल्लक २६,४००, म्हणजे महिन्याला २,२००. दहा हजार पगाराच्या नोकरीचा रोख फायदा एवढाच.

फंडाच्या खात्यात मात्र वर्षाला त्याचे १४,४०० आणि मालकाच्या वाट्यातले ४,४०४ असे १८,८०४ रुपये साठतात. मालकाचा उरलेला वाटा पेन्शनकडे जातो. खरा फायदा या साठ्यात आहे. म्हणून पगार किती हे विचारल्यावर लगेच विचारा, 'फंडाचा यूएएन नंबर मिळणार का?' वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी फंड बंधनकारक आहे. 'कापत नाही, तेवढे हातात घे' असं सांगणाऱ्याच्या बोलण्याला भुलू नका. तो तुमचे १,२०० देतो, पण स्वतःचा वाटा वाचवतो.

आता याच घरात श्रावणबाळचे १,५०० घेणारी म्हातारी आई आहे असं धरा. मुलाचा पगार कुटुंबाच्या उत्पन्नात धरला गेला आणि तिचे वर्षाचे १८,००० थांबले, तर २६,४०० मधले उरतात ८,४००. महिन्याला ७०० रुपये! शिवाय तिच्या हातातला स्वतःचा पैसा गेला तो वेगळाच. औषधाच्या गोळीसाठी मुलाकडे हात पसरावा लागणं ही म्हातारपणात छोटी गोष्ट नाही. अशा घराने फंड नसलेली नोकरी धरण्याआधी दहादा विचार करावा. आई खरोखरच वेगळी राहत असेल, तिची चूल वेगळी असेल, तर तिचं विभक्त कार्ड करून घेणं नियमाला धरून आहे. नसेल, तर खोटं विभक्त दाखवू नका. पगार बँकेत जमा होतो, आधारशी जोडलेला असतो, आणि चौकशीत वसुली निघाली तर ती एकरकमी द्यावी लागते.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचा हिशेब वेगळा. जानेवारी २०२४ च्या करारानुसार तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. जोडीने दिवसाला दीड टन धरला तर ५४९, आणि १२० दिवसांचे ६५,८८०. पण उचल आधीच घर, लग्न, दवाखान्यात गेलेली असते, म्हणून हंगामाअखेर हातात किती येणार हे मुकादमाकडून लिहून घ्या. फडावर गेल्यावर धान्य बुडू देऊ नका. कार्ड क्रमांक आणि अंगठा यांवर ते कोल्हापुरातच काय, कर्नाटकातल्या दुकानातही मिळतं. निघण्याआधी घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी उरकून घ्या.

काही गोष्टी मात्र एवढ्या पगारापायी जात नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, कार्डाचा रंग कोणताही असो. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कमाफीची मर्यादा आठ लाख आहे. घरकुलाच्या बाबतीत घरातल्या एखाद्याची कमाई महिना १५,००० च्या वर गेली तर अडचण येते, त्याखाली नाही.

होकार देण्याआधी नेमणुकीचं पत्र मागा, निदान पहिल्या महिन्यापासून पगारपावती मिळेल असं ठरवून घ्या. उत्पन्नाचा दाखला काढताना खरा आकडा सांगा. पण प्रवासापोटी जास्तीचे मिळत असतील आणि ते पगारात मिसळले असतील, तर ते वेगळे दाखवायला मालकाला सांगा. धान्य अचानक थांबलं तर दुकानदाराच्या तोंडी उत्तरावर परत फिरू नका. १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.