आधी मूठ परतू द्या, मग गाडी सुरू करा

एक्सिलरेटरची केबल बदलणे, नवी ग्रिप चढवणे, कार्बोरेटर उघडून साफ करणे ही कामे घरी होऊ शकतात आणि ती शिकून घ्यावीत, असे मला मनापासून वाटते. पण याच कामांनंतर काही तक्रारी हमखास ऐकू येतात. रेस अडकते, सोडली तरी सावकाश उतरते, हँडल वळवले की इंजिन आपोआप चढते. अशा वेळी संशय आधी पेट्रोलवर जातो, मग प्लगवर, मग नव्या सुट्या भागावर. माझे म्हणणे साधे आहे. दुरुस्तीआधी नसलेला दोष दुरुस्तीनंतर दिसला, तर तो आधी त्या दुरुस्तीतच शोधावा. आणि मूठ सोडताच रेस स्वतःहून पूर्ण मिटत नसेल, तर गाडी रस्त्यावर काढूच नये. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. रेस अडकली आहे हे उमगायलाच एवढा वेळ जातो आणि ब्रेक त्यानंतर लागतो.

शोधाची सुरुवात इंजिन बंद ठेवूनच करावी. मूठ पूर्ण फिरवून एकदम सोडा. ती खटकन मागे आली पाहिजे. हीच तपासणी हँडल सरळ ठेवून, पूर्ण डावीकडे वळवून आणि पूर्ण उजवीकडे वळवून करा. एखाद्या जागीही मूठ रेंगाळली, तर दोष यांत्रिक आहे आणि तो ग्रिप, केबल किंवा कार्बोरेटर या तिघांपैकी एकात आहे. केबलचे कार्बोरेटरकडचे टोक सोडवून पाहिले की दोष वर, म्हणजे ग्रिप-केबलमध्ये आहे की खाली कार्बोरेटरमध्ये, हे वेगळे करता येते. टोक सुटल्यावरही मूठ जड वाटली तर कारण वरच्या बाजूला आहे. ती हलकी झाली तर खाली पाहायचे. हे कळण्याआधी कोणताही स्क्रू फिरवू नये. फिरवलेला स्क्रू दोष झाकतो आणि मूळची खूणही पुसून टाकतो.

वरच्या बाजूची कारणे बहुधा बसवण्यातली असतात. नवी ग्रिप जास्त आत ढकलली गेली तर ती स्विचच्या बॉक्सला घासते; चिकटवण्याचा डिंक ओघळून आतल्या नळीखाली गेला तर मूठ धरून बसते. केबल मूळ मार्गाने न नेता टाकीखाली दाबली गेली, तिला तीव्र वळण पडले किंवा बाहेरचे आवरण अॅडजस्टरच्या खाचेत नीट बसले नाही, तर आतली तार ओढली जाते. हँडल वळवल्यावर रेस चढणे ही याचीच खूण. म्हणून जुनी केबल काढण्यापूर्वी तिच्या मार्गाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मुठीला थोडी मोकळीकही लागते. बहुतेक गाड्यांत ती २ ते ६ मिलिमीटर असते, आपल्या गाडीचा नेमका आकडा माहितीपुस्तिकेत मिळतो. खालच्या बाजूला, जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरमधली स्लाइड उलटी बसली, तर इंजिन सुरू होताच भन्नाट चढते. तिची कापलेली बाजू एअर फिल्टरकडेच हवी आणि खाच आतल्या पिनेवर बसली पाहिजे.

मूठ झटकन परतते, तरीही इंजिन उतरत नाही, हा प्रकार निराळा आहे. इथे कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला रबरी जोड, त्याची रिंग आणि पट्टी तपासावी. तिथून जादा हवा शिरली की मिश्रण पातळ होते आणि रेस लोंबकळत राहते. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ निकष लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आले. अशा गाडीत थ्रॉटल बॉडीचा कारखान्यात ठरवलेला स्क्रू किंवा सेन्सर हलवून अंदाजाने रेस जुळवू नये. केबल आणि जोड ठीक असूनही दोष राहिला, तर ते काम तपासणी यंत्र असलेल्या गॅरेजचे आहे.

यावर काही जण म्हणतात, नवी केबल आहे, वापरून मोकळी होईल. मला हे पटत नाही. नीट बसवलेली नवी केबल पहिल्याच दिवशी जुनीपेक्षा हलकी चालते. जी जड आहे ती कुठेतरी घासते आहे आणि घासून तिच्या तारा एकेक तुटत जातील. दुसरा उपाय सुचवला जातो तो आयडलिंगचा स्क्रू सैल करण्याचा. त्याने आवाज खाली येतो, पण अडकणारी तार तशीच अडकत राहते. योगायोगाने दुसराच भाग त्याच दिवशी बिघडू शकतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तरीही आधी हात लावलेली जागा पाहणे शहाणपणाचे, कारण ती तपासायला पैसा लागत नाही आणि ती निर्दोष ठरली तरी शोधाचे क्षेत्र लहान होते. गॅरेजमधून आलेल्या गाडीलाही मी हाच नियम लावेन. कुशल हाताचे कामसुद्धा तपासून घेण्यात अविश्वास नसतो.

एवढे करूनही रस्त्यात रेस अडकलीच, तर क्लच दाबून धरा. इंजिन ओरडले तरी तो सोडू नका. किल स्विच बंद करा, दोन्ही ब्रेक लावून डावीकडे थांबा. अनेक साध्या गाड्यांना किल स्विच नसतो; तिथे किल्ली बंद करावी, पण हँडल लॉक होईल इथवर ती नेऊ नये. विनागिअर स्कूटरला हाताचा क्लच नसतो, म्हणून तिथे इंजिन बंद करणे आणि ब्रेक हेच दोन उपाय. गाडी थांबल्यावर ती पुन्हा सुरू करून ‘घरापर्यंत तर नेऊ’ असे म्हणू नये. घरची दुरुस्ती शेवटचा नट आवळल्यावर पूर्ण होत नाही. हँडलच्या तिन्ही स्थितींत मूठ स्वतःहून परतली, तरच काम झाले असे समजावे.