कोंबडी लंगडते तेव्हा

आपल्यापैकी काहींच्या परड्यात अजूनही चार-सहा कोंबड्या असतात. एखादी लंगडू लागली की घरात दोनच मते निघतात, हळद लावा किंवा कापून टाका. पण लंगडणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. त्याचे कारण काट्याइतके साधे असू शकते किंवा साऱ्या गल्लीच्या कोंबड्या संपवणारेही असू शकते. दोहोंतला फरक ओळखता यावा, म्हणून हा पाठ.

संध्याकाळी कोंबडी खुराड्यात बसली की तिला अलगद उचलावे. दिवसा मागे धावून पकडू नये, पाय आणखी दुखावतो. प्रथम तळवा पाहावा. बाभळीचा काटा, बोटाला करकचून गुंडाळलेला दोरा, किंवा पावसानंतर नखांवर वाळून दगडासारखा झालेला काळ्या मातीचा गोळा, ही कारणे डोळ्यांना दिसतात. गोळा ओढून काढू नये. कोमट पाण्यात भिजवून तो सोडवावा, नाहीतर नखही निघते.

तळवा सुजून मध्ये काळी खपली असेल, तर ते गळू आहे. उंच दांडीवरून कठीण जमिनीवर उडी मारणाऱ्या जड कोंबड्यांना ते जास्त होते. कोमट मिठाच्या पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटे धरावा, पुसून पोव्हिडोन आयोडीन लावावे, स्वच्छ पट्टी बांधावी आणि कोंबडीला मऊ तुसावर वेगळी ठेवावी. आत घट्ट गाठ असेल तर ब्लेड हाती घेऊ नये. ते काम डॉक्टरांचे. पायाचे खवले उचललेले आणि खडबडीत दिसले, तर त्याखाली बारीक किडे असतात. पाय धुऊन खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन काही आठवडे लावत राहावे, दांडीही साफ करावी. रॉकेल लावण्याची जुनी पद्धत आम्हाला मान्य नाही. त्याने कातडी भाजते.

पाय स्वच्छ आहे, तरी अंड्यावरची कोंबडी बसून राहते? मग खाणे आठवावे. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. ते खाण्यातून मिळाले नाही, तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. नुसत्या ज्वारीवर आणि कण्यांवर हे भागत नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

आता गंभीर कारणे. तलंग एक पाय पुढे, एक मागे ताणून पडली, तर मारेकचा संशय घ्यावा. योझेफ मारेक या हंगेरियन पशुवैद्याने १९०७ साली असा लकवा प्रथम नोंदवला. यावर औषध नाही. लस पिल्लू निघताच उबवणी केंद्रात देतात, म्हणून पिल्ले विकत घेताना ती दिली आहे का, हे विचारावे.

मान वाकडी, श्वास घेताना आवाज, हिरवट हगवण आणि पाय लुळे, अशी लक्षणे एकीनंतर दुसरीत दिसली तर तो राणीखेत, म्हणजे मानमोडी. आपले कन्नड शेजारी याला कोक्करे रोग म्हणतात. पण नुसत्या डोळ्यांनी राणीखेत आणि बर्ड फ्लू यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. भारतात बर्ड फ्लू प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. २०१२ मध्ये बेंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या सरकारी केंद्रातही तो शिरला होता. म्हणून कोंबड्या पटापट मरू लागल्या, तर मेलेली कोंबडी कापू नये, खाऊ नये, नाल्यात फेकू नये. मुलांनी हात लावू नये. सरकारी पशु दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे. कोंबड्या जातील या भीतीने गप्प बसणे घरातल्या माणसांनाच धोक्याचे आहे.

पालकांना एक विनंती. घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या कोंबडीला देऊ नका. विषाणूवर त्या चालत नाहीत, आणि औषधाचा अंश अंड्यात उतरतो. डॉक्टरांनी औषध दिलेच, तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे विचारून घ्या.

राणीखेतवर लस मात्र चांगली आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी टोचतात. अडचण निराळीच आहे. कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची असते आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून बहुतेक घरी लस होतच नाही. मुलांनी आपल्या गल्लीत कोणाकडे किती कोंबड्या आणि पिल्ले आहेत, त्यांचे वय काय, याची वहीत यादी करावी. ती घेऊन पालकांनी पशुवैद्यांकडून एक दिवस ठरवून घ्यावा. कुपी बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आणावी, काम सकाळच्या थंड वेळी उरकावे, आणि त्या दिवशी आजारी दिसणारी कोंबडी लसीपासून बाजूला ठेवावी.