अतिदक्षता विभागातील हृदयरुग्ण आणि उपशामक शुश्रूषा

स्मरणिकेसाठी दर वर्षी माझ्याकडे लसीकरणावर किंवा बालकांच्या आहारावर लेख मागितला जातो. या खेपेस संपादकांची अनुज्ञा घेऊन, आपण आपसांतही क्वचितच बोलतो असा एक विषय मांडत आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी बैहरकडील चौदा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे दाखल झाला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मतः मोठे छिद्र होते. बालपणी ते कोणाच्या लक्षात आले नाही. फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कायमच्या कठीण झाल्या होत्या, ओठ व नखे निळी पडली होती. आयझेनमेंगर अवस्थेत छिद्र बंद करणे घातक ठरते, हे मी जाणत होतो. तरीही धाप वाढताच मी त्याला रुग्णवाहिकेने नागपूरला पाठविले. ‘येथे काही केले नाही’ असा ठपका येऊ नये, एवढाच माझा हेतू होता, हे आज मान्य करतो. मुलगा वाटेतच गेला. त्याची आई पुढे चालकाशेजारी बसली होती.

हृदयविफलतेचा रुग्ण अनेकदा मरणाच्या दारातून परत येतो. त्यामुळे नातलगांना आणि डॉक्टरांनाही प्रत्येक खेपेस ‘याही वेळी सावरेल’ असेच वाटते, आणि शेवटाविषयी बोलणे राहून जाते. मग ते बोलणे अतिदक्षता विभागाच्या दाराशी, श्वासनलिकेत नळी घातल्यावर, बिलाच्या चिंतेसह होते. रुग्ण स्वतः तेव्हा बोलू शकत नाही.

उपशामक शुश्रूषा म्हणजे उपचार थांबल्यानंतरची सोय, हा समज आपल्या व्यवसायातही आहे. हृदयरोगात तर तो मुळीच टिकत नाही. शरीरातील पाणी काढणारे फ्युरोसेमाइड हेच धापेवरील उत्तम उपशामक औषध. ते अखेरपर्यंत चालू ठेवावे. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र खुशाल बंद करावी. उरलेल्या धापेसाठी अल्प मात्रेत मॉर्फीन उपयोगी पडते. मूत्रपिंड मंदावले असल्यास मात्रा कमी आणि दोन मात्रांमधील अंतर अधिक हवे. चेहऱ्यावर वारा येईल असा लहान पंखाही आराम देतो. रक्तातील प्राणवायू पुरेसा असताना लावलेला मास्क बहुधा आपल्याच समाधानासाठी असतो. छातीत डिफिब्रिलेटर बसविलेल्या मरणासन्न रुग्णाला अखेरच्या क्षणी विजेचे धक्के बसू शकतात. ते बंद करण्यास शस्त्रक्रिया लागत नाही, आणि त्याने तत्काळ मृत्यूही येत नाही.

कायद्याचे भय हे आपल्या संकोचाचे मोठे कारण. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर 2015 पर्यंत अंथरुणास खिळून होत्या. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी केलेली मागणी फेटाळली. मात्र जीवनरक्षक उपचार काढून घेण्याचा मार्ग उच्च न्यायालयाच्या अनुमतीने खुला केला. (तेथील परिचारिकांनी चार दशके केलेली सेवा, हाही उपशामक शुश्रूषेचा धडाच होय.) 9 मार्च 2018 च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, पण वीस वर्षे अनुभवाचे तज्ज्ञ आणि जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले मंडळ या अटी बालाघाटसारख्या जिल्ह्यात पुऱ्या होणे कठीणच होते. 24 जानेवारी 2023 रोजी त्या सैल झाल्या. आता उपचार करणारा डॉक्टर आणि पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ रुग्णालयच नेमते. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा अधिकाऱ्यांचा प्रतिनिधी असतो. दोघांनी शक्यतो 48 तासांत मत द्यावे, दंडाधिकाऱ्यांना केवळ कळवावे. प्रौढ व्यक्तीने आपली इच्छा दोन साक्षीदारांसमक्ष लिहून नोटरीकडून साक्षांकित करून ठेवता येते. आपल्यापैकी किती जणांनी ती लिहिली आहे? मीही गेल्याच वर्षी लिहिली.

बालकांना हा लेख लिहिता येत नाही. त्यांच्यासाठी आईवडील आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवावे लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2017 मध्ये त्याविषयी सहमतीचे निवेदन प्रसिद्ध केले आहे. ‘आता काही करण्यासारखे नाही’ हे वाक्य मी सोडून दिले. ‘तिला धाप लागू देणार नाही, तुम्ही तिच्याजवळ बसा’ असे सांगतो.

अशाच एका मुलीला, लांजी भागातील तेरा वर्षांच्या, गेल्या पावसाळ्यात घरी पाठविले. संधिवाती ज्वराने झडपा निकामी झाल्या होत्या, शस्त्रक्रियेस नागपूरच्या शल्यविशारदांनी नकार दिला होता. पुन्हा अतिदक्षता विभागात न्यायचे नाही, असे आईवडिलांशी तीन बैठकांत ठरले. नवव्या दिवशी ती आजीच्या मांडीवर गेली. महिन्याने वडील आले. ‘डॉक्टरसाहेब, पुन्हा नागपूरला नेले असते तर?’ त्यांना उत्तर देण्यात तासभर गेला; बाहेर तापाची मुले घेऊन बसलेल्या आया कुरकुरत होत्या.